दामल्याची फेरी आणि गायकवाडची मिशी

आईशप्पथ, सगळं खरं आहे. म्हणजे मी हजर होतो तेवढं खरं. नव्हतो तिथलं जरा जास्तच खरं! हसलात तर चहा तुमच्याकडून, एवढं आत्ताच ठरवून टाका. चालून चालून बाकीच्यांच्या पायाला फोड आले, माझ्याकडं किस्से साठले.

आमच्या पिंपरीच्या कंपनीत दामले ड्रॉइंग ऑफिसात. एकदा त्यानं नकाशावर कंपास फिरवला. पिंपरी, निगडी, देहू, चाकण, मोशी आणि परत पिंपरी!

"दर रविवारी एक टप्पा. थांबू तिथल्या दगडाला लाल रंग. पुढचा टप्पा त्याच दगडापासून. नियम म्हणजे नियम!"

फोरमन गायकवाड म्हणाला, "फेरी पुरी केलीस तर माझी मिशी काढतो. नाहीतर तुझी!"

दोघांच्याही मिशा पीळदार. दामले तर आंघोळ विसरेल, मिशीला तेल विसरणार नाही. झालं, कंपनीच्या फाटकाजवळच्या दगडाला लाल पेंट फासून निघालो.

*

निगडीत नकाशावरची रेघ नेमकी एका घरातून गेलेली. दामले वळेल कसला? सरळ स्वैपाकघरात!

चुलीपुढची म्हातारी म्हणाली, "वाट चुकलास व्हय रं?"

"नाही आजी, अगदी बरोबर चाललोय."

"मंग मीच चुकले म्हणायची. भाकरी थापत बसलीय तुझ्या रस्त्यात!"

*

देहूच्या अलीकडं दगड रंगवून आम्ही एस.टी.नं घरी आलो. पुढच्या रविवारी बघतो तर दगडापुढं नारळ, उदबत्ती!

एक म्हातारबा ओरडले, "आधी पायताणं काढा! स्वयंभू हाय!"

"अहो, हा मी रंगवलाय!"

"देवानं करून घेतलं तुझ्याकडनं. पड पाया!"

दामले स्वतःच्या पेंटच्या पाया पडला.

*

चाकणजवळ एक बैलगाडीवाला थांबला. "बसा की. कुठनं आलात?"

"पिंपरीवरनं."

"आन् चाललाय कुठं?"

"पिंपरीला."

बिचारा खाली उतरला, दामल्याच्या टाळूवर गार पाणी ओतलं आणि मला हळूच म्हणाला, "घरी कुणी हाय का न्हाई ह्यांच्या?"

*

आता शेवटचा रविवार. मोशीला पोचलो तर आमचा दगडच गायब! दामल्याचा हात मिशीवर गेला. दगड नाही तर टप्पा नाही, टप्पा नाही तर मिशी नाही!

शेतातला माणूस म्हणाला, "देव व्हय? गाडीत घालून पिंपरीला पोचवला. तुमच्या फाटकापाशी त्याचा भाऊ हाय म्हनं. तुमच्यातलंच एक पोरगं सांगून गेलं, भावाभावांची ताटातूट बरी न्हवं."

माझ्याकडं काय बघताय? पुढं ऐका.

एस.टी.नं फाटकाशी आलो. दोन लाल दगड शेजारीशेजारी! दामल्यानं चपला काढल्या, मोशीच्या दगडाला हात लावला, एक पाऊल टाकलं आणि पिंपरीच्या दगडाला हात लावून ओरडला, "फेरी पूर्ण! नियम म्हणजे नियम! बोलवा गायकवाडला!"

गायकवाड आला. तोंडावर रुमाल.

"काढ मिशी!"

त्यानं रुमाल काढला. खाली सफाचट!

"हे काय? कधी काढलीस?"

"सकाळीच वाहिली, ह्याच देवाला. नवस होता."

"कसला नवस?"

"दामले हरू दे म्हणून."

"अरे, पण मी जिंकलो!"

गायकवाडनं दोन्ही दगडांकडं आळीपाळीनं बघितलं. "च्यायला, राव... ॲडव्हान्स दिला होता!"

हसलात ना? काढा मग चहाचे दोन आणे. आणि ते नवे पैसे नकोत, मला हिशेब जमत नाही त्यांचा.