बुढीची गोळी

आमच्या सेक्टर दोनमधल्या शेजारच्या बुढीचा आवाज असा, की कारखान्याचा भोंगा लाजून हळू वाजायचा. पोरगा भट्टीवर कामाला. भोंगा झाला की ही दारात उभी, "माहा पोरगा जळला का रे?" तो घरी येईस्तोवर अख्ख्या लायनीला घास गिळू द्यायची नाही. शेवटी मीच पोराला म्हटलं, "डॉक्टरकडून गोळी आण बाप्पा, बुढीचा जीव शांत होईन."

गोळी लागू पडली. भोंगा झाला तरी बुढी दारात येईना.

महिन्याभरात खरंच पोराचा हात भाजला. पट्टी बांधून तो दारात आला. "माय, जळलो न वं."

बुढीनं हाताकडे पाहिलं. "जेवून घे," म्हणाली अन् भिंतीकडे तोंड करून बसली.

पोरानं गोळ्यांची बाटली माझ्या हातात ठेवली. "घ्या काकाजी, झोपा आता सुखानं."