हडळीला प्रवेश नाही

आमच्या सोसायटीच्या हॉलमधली खरी जळमटं परवा दिवाळीसाठी झाडून काढली आणि आज त्याच कोपऱ्यांत विकतची लावली. मुलांची हॅलोविन पार्टी आहे. थीम ‘भुताचा बंगला’, ठरवली मात्र आयांच्या कमिटीने. भोपळासुद्धा प्लास्टिकचा, म्हणजे उद्या त्याचे घारगेही व्हायचे नाहीत.

पण मला कमिटीची खरी शिसारी आली ती नंतर. शेजारची नववीतली सई आजीचं हिरवं लुगडं नेसून, केस मोकळे सोडून आली. “मी हडळ!”

कमिटीच्या प्रमुख वहिनी दोन पावलं मागे सरल्या. “अगं बाई, हे नको! अमावास्या तोंडावर आलीय. काढ आधी ते.”

“काकू, मग हा दारातला हाडांचा सापळा कसा चालतो?”

“तो भाड्याने आणलाय गं.”

हौस उसनी आणि भीती तेवढी घरची! परक्या भुतांसोबत सेल्फी काढायचे आणि आपलं भूत दिसलं की त्याला दारातून हाकलायचं.

सई घरी जाऊन लुगडं बदलून आली. कमिटीने दिलेली टोकदार काळी टोपी घालून ती इतर चेटकिणींच्या घोळक्यात उभी राहिली, तेव्हा मला ती ओळखूही येईना. वहिनी मात्र स्टुलावर चढून, दारावरच्या कवटीखाली लिंबू-मिरची बांधत होत्या.