प्रोफेसरांचं गाणं माझ्या तोंडी

त्यांच्या मुलाचा व्हँकुव्हरहून फोन आला, "सुधा, डॅड गेले." इंग्रजीतच म्हणाला. मी स्टोव्ह बंद केला आणि तिथेच खुर्चीत बसले...

हेल्मुट, म्हणजे आमचे प्रोफेसर, नॉर्थ यॉर्कच्या बिल्डिंगमध्ये माझ्या शेजारीच राहायचे. जन्म जर्मनीतला, आणि उभं आयुष्य प्राचीन ग्रीकांचं संगीत आणि वृत्तं यांत गेलेलं. ओळख झाली लाँड्री रूममध्ये. कपड्यांच्या घड्या घालताना मी भुजंगप्रयातातला एक श्लोक म्हणत होते, तर हा उंच म्हातारा मशीनवर बोटांनी तोच ठेका धरून उभा. लघु, गुरू, गुरू... ही चाल त्यांच्या ग्रीकांकडेही होती म्हणे. आम्ही हे शाळेत तोंडपाठ करायचो, असं सांगितल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "माझं सगळं कागदावर आहे, कुणाच्या तोंडात नाही," ते म्हणाले.

मग दर रविवारी ते चहाला यायला लागले. एका ग्रीक गाण्याचे अर्धेच स्वर उरले होते. बाकीचे त्यांनी आयुष्यभर ताडून ताडून बसवले होते, आणि ते गाणं त्यांनी मला ओळीओळीने शिकवलं. चुकलं की हात वर करून थांबवायचे. रेकॉर्ड करू द्या म्हणून मी किती मागे लागले, पण छे! एकदा रेकॉर्ड झालं की लोक माझा अंदाजच खरा धरतील, अजून दोन जागा पक्क्या व्हायच्यात, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अहो, कसल्या जागा आणि कसलं काय... हट्टी माणूस!

२०१६ च्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. बर्फातून बस बदलत मी हॉस्पिटलात जायचे आणि त्यांच्या कानाशी ते गाणं म्हणायचे. "प्रोफेसर, नुसता ठेका द्या हो," मी अक्षरशः हात जोडले. त्यांनी डाव्या हाताने सुरुवात केली, तिसऱ्याच ठोक्याला चुकले. चुकल्याचं त्यांना कळलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वॉशरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

आता त्यांच्या घरात दुसरं कुणीतरी राहतं. मी मात्र भाजी चिरताना ते गाणं म्हणते, विसरू नये म्हणून. परवा दुसऱ्या ओळीत एक गुरू जरा लांबला. पुन्हा म्हटलं, तर वेगळंच आलं. तिसऱ्यांदा तिसरंच. सुरी खाली ठेवली आणि वाट बघत राहिले... कुणीही हात वर केला नाही.