दादाला मागे कोण ओढत होतं

माणूस गेल्यावर त्याचे इतके किस्से कुठून गोळा होतात, कोण जाणे. तेरा दिवस झाशीत आमच्या सीपरी बाजारातल्या घरी जो आला तो सतरंजीवर बसला, पाणी प्यायला आणि दादाचा एक किस्सा सांगून गेला. काही माझ्याकडेही आहेत. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हा आठवतात तसेच लिहितो.

दादा म्हणजे वसंत, माझा थोरला भाऊ. रेल्वेच्या संघातून सायकलच्या शर्यती खेळायचा, नोकरीही त्यावरच लागलेली. अडतिसाव्या वर्षी तो मागे पडायला लागला. संघातलं नाव गेलं की सायकल सुटणार आणि कारखान्यात पूर्ण ड्यूटी लागणार. संघ निवडायच्या यंदाच्या ट्रायलमध्ये, दुसऱ्या फेरीत, तो सायकलवरून पडला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणतो, कुणीतरी त्याच्या वाईटावर होतं. वर्षभर आम्ही दोघं त्यालाच तर शोधत होतो.

*

पहिला संशय स्टॉपवॉचवर. ते असायचं संघाचे कोच तिवारीजींकडे.

"घड्याळ पळतंय," दादा म्हणाला. "माझे पाय तेच आहेत."

दुसऱ्या दिवशी तिवारीजी चहा पीत होते, तेवढ्यात मी घड्याळ उचललं आणि सरळ बाजारातल्या घड्याळवाल्याकडे नेलं. त्याने ते आपल्या मोठ्या घड्याळाशेजारी अर्धा तास चालवलं.

"भैया, यह तो आधे घंटे में चार सेकंड पीछे रहती है."

म्हणजे दादा कागदावर दिसत होता त्याहूनही हळू होता. घरी येऊन मी सांगितलं, "घड्याळात गडबड आहे खरी." कुठल्या बाजूची, ते दादाने विचारलं नाही.

*

मग ठरलं की सायकलच जड झाली आहे. मिस्त्रीने दुरुस्ती करताना काहीतरी बदललं असणार. आम्ही ती स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वजनाला नेली. पार्सलबाबूने सवयीने विचारलं, "कहाँ भेजनी है?"

सायकल होती तेवढीच भरली. बाबू म्हणाला, "अब आप चढ़िए."

दादा चढला. काट्याकडे बघून त्याने बूट काढले, पुन्हा चढला. पट्टा काढला. मग खिशातला कंगवा माझ्या हातात दिला.

"वसंत भैया," बाबू म्हणाला, "अब तो बस आत्मा उतारनी बाकी है."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

*

त्या वजनाचा संशय वहिनीवर गेला. दादा जेवताना म्हणाला, "तू लपून पोळीला तूप लावतेस."

वहिनी तव्याकडे बघतच बोलली, "अहो, पोळीवरचं तूप दिसतं तरी. स्टेशनबाहेरच्या कचोऱ्या मला कुठे दिसतात? भाऊजी सांगतात म्हणून कळतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून संशयितांत मीही आलो.

*

सरावाची एक रीत असते. सहा-सात जण एकामागे एक सायकल चालवतात. पुढचा वारा अंगावर घेतो, थोड्या वेळाने बाजूला होऊन शेवटी जातो आणि त्याच्या मागचा पुढे राहतो. दादाची पाळी आली की पोरं त्याला ओलांडून स्वतःच पुढे जायला लागली.

"कट आहे," दादा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर तिवारीजींची कॉलर धरली. त्यांनी ती सोडवूनही घेतली नाही.

"बंडू, मैंने ही कहा है लड़कों से. वसंत आगे आता है तो पीछे सबको ब्रेक लगाना पड़ता है. उसके पीछे ब्रेक लगाते उन्हें शरम आती है."

मी कॉलर सोडली. घरी सांगितलं, "पोरं तुला वाऱ्यापासून जपतात रे."

"कशाला?" दादा म्हणाला.

*

आता बिजौलीच्या रेल्वे फाटकाचं सांगतो. दादाची स्वतःची एक परीक्षा होती. सकाळची पॅसेंजर शिटी देऊन झाशीहून सुटली की हा स्टेशनापासून निघायचा आणि तिच्यासाठी बिजौलीचं फाटक पडायच्या आत पार व्हायचा. कित्येक वर्षं जमलं. मग फाटक बंद मिळायला लागलं. "रामस्वरूप मला बघून पाडतो," दादा म्हणायचा. रामस्वरूप म्हणजे तिथला फाटकवाला.

आणि दिवाळीनंतर एकदम चक्र फिरलं. मी रोज दारात उभा राहून विचारायचो, "उघडं मिळालं?"

"मिळालं."

रोज मिळालं. तिवारीजी यंदा त्याचं नाव ट्रायलला देत नव्हते, म्हणत होते, राहू दे. मी दादाला न विचारता गेलो, भांडलो, फाटकाचं सांगितलं आणि नाव लिहायला लावलं.

दादा गेल्यावर चौदाव्या दिवशी मी बिजौलीला गेलो. रामस्वरूपला म्हटलं, "पहले जानबूझकर बंद करते थे, फिर जानबूझकर खुला रखा. क्यों?"

"रेल का फाटक किसी के लिए खुला नहीं रहता, भैया. गाड़ी निकल जाती, फाटक उठता, तब वसंत भैया उस नीम के नीचे से उठते थे. बैठे-बैठे छाती मलते रहते. फिर धीरे से पार हो जाते."

"तुमने टोका नहीं?"

"टोका था. बोले, छोटा भाई दरवाजे पे खड़ा पूछता है, फाटक खुला मिला? उससे झूठ तो नहीं बोल सकता."