शेवटचा डबा पाहणारे अनंतराव

अनंतराव मास्तरांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही; उलट, कधी एकदा सांगतो असे झाले आहे. मी तेव्हा सोलापूरहून दुधनीकडे जाणाऱ्या पॅसेंजरचा गार्ड होतो आणि ते वाटेतल्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. मार्ग एकेरी. समोरून येणारी मालगाडी त्यांनी बाजूच्या रुळावर घेतली, की आमची गाडी पुढे सुटायची.

मालगाडी आली, थांबली. आमच्या ड्रायव्हरने शिट्टी दिली, तरी मास्तर हिरवे निशाण दाखवीनात. चैत्राचे ऊन, वर वावटळ, डब्यांत बाजाराला निघालेली माणसे, त्यातून एका बड्या गोऱ्या साहेबांचा डबा आमच्या गाडीला जोडलेला.

"आवो मास्तर, गाडी का हलंना? बाजार उठंल की आमचा," असे एक शेतकरी खिडकीतून विचारीत होता. शेवटी मीच तावातावाने गेलो.

"मालगाडी आली ना आत? मग आम्हांला कशाला अडकवता?"

"शेपूट दिसलं नाही," मास्तर म्हणाले.

गाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल पाटी असते. ती दिसली म्हणजे गाडी सबंध आली, मागे रुळावर काही राहिले नाही. ही मालगाडी भली लांब, तिचा मागचा भाग वळणाआड गेलेला. तिचा ड्रायव्हर सगळे ठीक असल्याचे सांगत होता. मास्तरांनी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला विचारले, "शेपूट दिसलं?"

"न्हाय जी. धुरळा लई हाय."

इतक्यात साहेब स्वतः उतरले. गाडी आत्ता सुटली नाही तर उद्या या स्टेशनावर दुसरा मास्तर असेल, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले. अनंतरावांनी टोपी सारखी केली, "मी पाहून येतो, साहेब," एवढेच म्हणाले आणि मालगाडीच्या कडेने चालू लागले. डब्याडब्यांतून लोक हसत होते.

परत आले ते धावत. शेपूट नव्हतेच! साखळी तुटून मागचे डबे, त्यांच्या गार्डासकट, पलीकडच्या खिंडीत रुळावरच उभे राहिले होते आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ता नव्हता. आमची गाडी सुटली असती तर थेट त्यांच्यावर जाऊन आदळली असती. लिहिताना आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि लगेच हसूही येते, कारण साहेब हॅट हातात घेऊन उन्हात उभे होते आणि तोच शेतकरी म्हणत होता, "बाजार ऱ्हाऊ द्या. तुमी बसा मास्तर, पानी प्या."

हा हट्ट कुठून आला, ते पुढे स्नेह जडल्यावर कळले. आमच्या भागातला तो जुना मोठा अपघात अनेकांना आठवत असेल. अनंतराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. त्यांच्या वरिष्ठांनी अशीच अर्धी आलेली मालगाडी पूर्ण समजून मार्ग मोकळा असल्याची तार दिली आणि पलीकडून सुटलेली प्रवासी गाडी मागे राहिलेल्या डब्यांवर आदळली. जखमींना अनंतरावांनी स्वतःच्या हातांनी उचलले. चौकशी झाली, वरिष्ठांची नोकरी गेली, कडक हुकूम निघाले. हुकूम कपाटात जाऊन बसतात, हे आपण रेल्वेवाले जाणतोच. अनंतरावांनी मात्र त्यांची सवय केली. गाडी कोणतीही असो, मास्तरांनी मोठ्याने विचारायचे आणि डोळ्यांनी पाहिले असेल तरच पॉइंट्समनने "दिसलं" म्हणायचे. त्याच साहेबांनी पुढे त्यांना नव्या मास्तरांना शिकवण्यासाठी सोलापुरात आणले, आणि आज आमच्या मार्गावरच्या लहानसहान स्टेशनांतही तो प्रश्न ऐकू येतो.

घरीही तीच तऱ्हा. कन्येच्या लग्नात पाने वाढून तयार होती, तरी जानवशाहून सर्वांत मागून काठी टेकत येणारे वराचे आजोबा दिसेपर्यंत त्यांनी पंगत बसू दिली नाही. वहिनी अजून त्यावरून त्यांना चिडवतात.

शिकवताना अनंतराव त्या अपघाताची हकीकत सांगतात, पण वरिष्ठांचे नाव कधी घेत नाहीत. ते वृद्ध गृहस्थ सोलापुरातच असतात. सणासुदीला अनंतराव स्वतः त्यांच्याकडे ताट घेऊन जातात. मला ते कोडेच वाटे. एकदा न राहवून विचारले, "ज्यांच्या हातून एवढे घडले, त्यांच्यासाठी हे?"

"अहो, त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो," ते म्हणाले. "मीही विचारलं नाही."

त्यानंतर ते विचारायचे कधीच थांबले नाहीत, आणि म्हणून माझ्यासारखे कितीतरी लोक आज त्यांना साठ वर्षे पूर्ण झालेली पाहायला जिवंत आहेत. माझी मुले-नातवंडे त्यांच्या पाया पडतात तेव्हा माझा ऊर भरून येतो. श्रीसिद्धेश्वर त्यांना उत्तम आरोग्य देवो आणि त्यांच्या आयुष्याची गाडी अशी लांबलचक असो, की कुणीही, केव्हाही "शेपूट दिसलं?" म्हणून विचारले, तर आम्ही सर्वांनी एका सुरात सांगावे, "न्हाय जी. अजून लई लांब हाय."