शिवणवालीने दिलेली मात

शिवणवालीला बुद्धिबळ शिकवलं ते मोबाइलने, नवऱ्याने नव्हे. तो कारखान्यात क्रेन चालवायचा, संध्याकाळी मित्रांबरोबर पट मांडायचा आणि हिला म्हणायचा, "तुझं काम नाही ते, तू आपली काजं कर." मग त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. मित्रांनी एकेक करून पाठ फिरवली. पटासमोर एकटाच बसलेला नवरा हिला बघवायचा नाही.

म्हणून ती शिकली. कुठली सोंगटी कुठे न्यायची ते मोबाइल हिरव्या बाणाने दाखवायचा. सल्ला शिकाऊचा हवा की उस्तादाचा, ते आपण ठरवायचं. शिवणयंत्राच्या आड मोबाइल ठेवून ती नवऱ्याशी खेळू लागली. उस्तादाच्या बाणाने तो हरला आणि जेवलाच नाही. तिने सल्ला एक पायरी उतरवला. मग आणखी एक. अगदी शिकाऊवर आणला तेव्हा कुठे तो जिंकला आणि पोटभर जेवला. बाई खूश! अगं, सल्ला इतका उतरवावा लागला म्हणजे माणूस किती उतरलाय? दिसत होतं तिला. बघायचं नव्हतं, एवढंच.

तो रोज जिंकायचा आणि सगळ्यांना सांगत सुटायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात मुकादम. तो घरी येऊन म्हणाला, "वहिनी, दादाचं डोकं एकदम ठिकाणावर आलंय. साहेबांशी बोललोय मी. उद्यापासून क्रेनवर."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्रेनखाली माणसं राबतात.

दीर गेल्यावर ती म्हणाली, "इतक्यात नका जाऊ."

"का? रोज लोळवतोय की तुला."

तिने पट मांडला आणि सल्ला उस्तादावर नेऊन ठेवला. पहिला डाव बघता बघता संपला. "लक्ष नव्हतं माझं," तो म्हणाला. दुसऱ्या डावात त्याचा वजीर फुकट गेला. तिसऱ्यात त्याने घोडा हत्तीसारखा सरळ चालवला. तिने तो मुकाट्याने परत जागेवर ठेवला आणि मात दिली. स्वतःची किळस येत होती तिला. तरी तिने पुन्हा पट मांडला.

त्याने सोंगट्यांना हात लावला नाही.

"इतके दिवस मुद्दाम हरत होतीस?"

"हो."

त्याने पट बाजूला सारला. मग म्हणाला, "त्याला फोन करून सांग, दादा येत नाही म्हणून."

ती डोळे पुसत उठली.

"आणि हे बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "घोडा कसा चालतो, तेवढं सांग मला. सकाळपासून आठवायला बघतोय."