टाचांनी झिजलेल्या फरशीचं डिपॉझिट

वकिली सुरू केली की कपाटात कायद्याची पुस्तकं जमतील, असं वाटलं होतं. जमले घरमालकांचे किस्से! पाच वर्षं बंगळुरूत कायदा शिकून मी गोंदिया जिल्ह्यात परत आले ती न्याय द्यायला. आमच्या तालुका कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये चहा येईपर्यंत एक किस्सा होतो आणि कप रिकामा होईपर्यंत दुसरा. सगळ्यांचा नायक एकच: डिपॉझिट घेताना हात जोडणारा आणि परत देताना स्मरणशक्ती गमावणारा सज्जन.

*

पहिला सज्जन हायवेलगतच्या चाळीचा मालक. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून त्याने भिंतींच्या रंगाचे पैसे कापले होते. मी उलटतपासात विचारलं, "भाडेकरू आला तेव्हा भिंतीला कोणता रंग होता?"

छाती पुढे काढून म्हणाला, "रंग कुठचा म्याडम? तवा तं प्लास्टरच नव्हतं!"

*

माझे सीनियर, बिसेन सर, तीस वर्षं याच कोर्टात आहेत. मी त्यांना तावातावाने सांगितलं, "सर, कोर्टांनी किती वेळा म्हटलंय, डिपॉझिट हा भाडेकरूचाच पैसा. खोली ताब्यात आली की परत द्यायचा. कापायचं तर थकलेलं भाडं कापा, नाहीतर खरं नुकसान. आणि ते नुकसान मालकाने सिद्ध करायचं! रोजच्या वापराची झीज म्हणजे नुकसान नव्हे."

सर चहा फुंकत म्हणाले, "बरोबर हाय पोरी. आता हेच मालकाले सांगून पाह्य."

*

म्हणून सांगायला गेले. माझ्या अशील मंदाताई मडावी, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. सडक अर्जुनीत नामदेवभाऊंच्या खोलीत सहा वर्षं राहिल्या, एकाही महिन्याचं भाडं थकवलं नाही. नागझिऱ्याकडच्या एका गावात बदली झाली, तेव्हा दिवाळीआधी खोली रिकामी करून दिली. वीस हजार डिपॉझिट मात्र भाऊंकडेच राहिलं. ताईंच्या मुलीला जूनपासून गोंदियात कॉलेज. बदलीच्या गावातून सकाळची बस नाही आणि गोंदियातला खोलीवाला आधी डिपॉझिट मागतो. ते वीस हजार नाहीत तर खोली नाही, खोली नाही तर पोरगी घरी.

नामदेवभाऊंची तीन घरं, वर इटियाडोह धरणाच्या पाण्यावरची धानाची शेती. "काऊन नाही देत भाऊ?" मी विचारलं.

"फरशी पाहून राहिल्या का म्याडम? सहा वर्षं चालली हे बाई तिच्यावर! टाचा घासून घासून सारी चमक नेली."

मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "मंग का उडून राहाचं होतं जी?"

आतून भाऊंच्या बायकोचं हसू ऐकू आलं. भाऊंनी दार लोटून घेतलं.

*

दावा लावला. भाऊंनी लेखी उत्तर दिलं: बाईने खोलीची इतकी नासधूस केली की ती राहण्यालायक उरली नाही, तेव्हापासून बंद पडून आहे! सोबत दुरुस्तीचं बिल. भाऊंच्या वकिलाने ते मोठ्या रुबाबात पुढे केलं. जजसाहेबांनी चष्मा लावून वाचलं. विटा, सिमेंट, रेती आणि शेवटच्या ओळीत, 'म्हशीची गव्हाण, एक'.

जजसाहेबांनी विचारलं, "खोलीत भाडेकरू नेमकं कोण होतं?"

भाऊ म्हणाले, "दुकानदारानं एकातच लिहून देल्लं जी."

*

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची शेवटची तारीख. आज काम संपलं नाही तर थेट जून. मंदाताई मुलीलाही घेऊन आल्या होत्या. तिच्या मांडीवर ॲडमिशनच्या कागदांची फाईल. भाऊंनी राजू नावाचा साक्षीदार आणला होता, ट्रकच्या बॉड्या रंगवणारा. कोर्टाच्या दारात भाऊ त्याच्याकडून घोकून घेत होते: "खोली पडीक हाय, मानूस राहू शकत नाई. एवढंच म्हन. जास्तीचं काही बोलू नोको."

राजू पिंजऱ्यात चढला. शपथ झाली. जजसाहेबांनी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव सांगितलं. वय सांगितलं. धंदा सांगितला.

"राहायला कुठे?"

राजूने हात जोडले. "या भाऊच्याच खोलीत जी. नर्सबाई गेली, त्याच्या दुसऱ्या हप्त्यात आलो. लेकरंबाळं घेऊन."

भाऊंचा वकील फाईलमध्ये काहीतरी शोधू लागला. बिसेन सर मागच्या बाकावर सरळ होऊन बसले. जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

"डिपॉझिट दिलंत?"

"हाव साहेब. तीस हजार."

राजूने जजसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मंदाताईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पिंजऱ्यातूनच वळून म्हणाला,

"भाऊ, मले तं वापस भेटन ना?"